हवा फुकट, कातडे महाग

भिवंडी म्हटले की प्रथम यंत्रमागांची खडखड आठवते, आणि अलीकडे महामार्गालगतची गोदामे व त्यांच्या दारात ओळीने उभे असलेले ट्रक. होडी काही आठवत नाही. पण इतिहासात डोकावले तर या गावाचे नाव होड्यांशी चांगलेच जोडलेले आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतली आणि मराठी आरमाराची पायाभरणी याच खाडीकाठी झाली. १६५९ च्या एका पोर्तुगीज पत्रात, शहाजीचा मुलगा भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे लढाऊ जहाजे बांधवून घेत आहे, अशी चिंतेच्या सुरातली नोंद आहे. वसईला बसलेल्या पोर्तुगीजांना चिंता वाटणे साहजिकच होते.

त्या जहाजांना मोठे लाकूड लागे, कसबी सुतार लागत आणि राज्याचा खजिना लागे. आपण या लेखात ज्या होडीचा विचार करणार आहोत तिला यांतले काहीच लागत नाही. भिवंडीतल्या एखाद्या पंक्चरच्या दुकानाबाहेर ट्रकच्या जुन्या ट्यूबांचा ढीग पडलेला असतो. त्यातली एक निवडायची, दोन ठिगळे लावायची, हवा भरायची, मधल्या भोकावर एखादी फळी किंवा दोऱ्यांची वीण बांधायची, की झाली होडी! महाराष्ट्रातल्या अनेक धरणांवर आणि तलावांवर अशा ट्यूबवर बसून जाळी टाकणारी माणसे दिसतात. पाय पाण्यात, हातात वल्ह्याऐवजी दोन लहान फळ्या, आणि पकडलेले मासे कमरेला बांधलेल्या पिशवीत. ज्याला लाकडी किंवा फायबरची होडी परवडत नाही त्याची ही होडी.

बाजारात आता फुगवायच्या तयार होड्याही मिळतात. काही खेळण्यातल्या, काही चांगल्या जाड कापडाच्या. मग तलावात मासे धरायला जाणाऱ्या आणि खिशात बेताचेच पैसे असणाऱ्या माणसाने कोणती घ्यावी? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे उत्तर शोधताना सुमारे अठ्ठावीसशे वर्षे मागे जावे लागते. वाटेत आर्किमिडीज भेटतो, रेनकोट भेटतो, हवाई जहाजे भेटतात, आणि आपल्या पाठ्यपुस्तकातले वायूंचे नियमही भेटतात.

सुरुवात सर्वांत सोप्या गोष्टीपासून करू. तरंगायला जे लागते ते फुकट आहे. एक लिटर हवा पाण्याखाली दाबून धरली तर ती एक लिटर पाणी बाजूला सारते, आणि एक किलोग्रॅम वजन पेलते. हवेचे स्वतःचे वजन एक-सव्वा ग्रॅम, म्हणजे नगण्य. इतक्या स्वस्त मोबदल्यात इतके वजन उचलणारी दुसरी वस्तू नाही. अडचण एवढीच की हवा एका जागी राहत नाही. तिला कोंडून ठेवणारे काहीतरी लागते, आणि खर्च होतो तो त्या 'काहीतरी'वर. म्हणून फुगवायच्या होडीचा इतिहास हा हवेचा इतिहास नसून तिच्यावरच्या कातड्याचा इतिहास आहे. यातली गंमत अशी की हे कातडे बहुतेक वेळा होडीसाठी बनलेलेच नव्हते. ते कुठल्यातरी दुसऱ्याच धंद्यातून उसने आणलेले होते.

पहिले कातडे खरोखरीचे कातडेच होते. अश्शूरचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या निमरूद येथील राजवाड्यातली शिल्पे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या या शिल्पांत काही माणसे नदी पोहून जाताना दिसतात. त्यांतल्या काहींच्या छातीखाली जनावराचे फुगवलेले अख्खे कातडे आहे आणि त्याची नळी तोंडात धरलेली आहे. नळी तोंडात का? शिवणीतून आणि छिद्रांतून हवा सतत गळते, ती पोहता पोहता फुंकून भरून काढावी लागते. शिल्पकाराने एवढा बारकावा टिपला आहे, म्हणजे गळती ही तेव्हाही रोजचीच डोकेदुखी असणार.

त्याच प्रदेशात, टायग्रिस नदीवर, बकऱ्यांची अनेक फुगवलेली कातडी लाकडी चौकटीखाली बांधून मोठे तराफे केले जात. माल लादून ते प्रवाहाबरोबर बगदादपर्यंत यायचे. तिथे माल विकायचा, चौकटीचे लाकूडही विकायचे, कातड्यांतली हवा सोडायची आणि ती गाढवावर लादून जमिनीवरून वर परत न्यायची. अगदी विसाव्या शतकापर्यंत हा प्रकार चालू होता. प्रवाहाविरुद्ध न येणारी होडी घडी करून परत आणण्याची ही युक्ती आम्हाला फार शहाणपणाची वाटते. आजही फुगवायची होडी विकणारा पहिला गुण सांगतो तो हाच, की ती घरी कोपऱ्यात मावते.

आपल्याकडेही हे नवे नव्हते. पंजाब आणि हिमाचलातल्या नद्यांवर म्हशीच्या फुगवलेल्या कातड्यावर पोटावर पडून माणसे प्रवास करीत. आणि इतिहासाच्या शिक्षकांना १५३९ सालची चौशाची लढाई तर ठाऊकच आहे. शेरखानाकडून पराभूत झालेला हुमायून गंगेत बुडू लागला, तेव्हा निजाम नावाच्या पाणक्याने आपली मशक फुगवून त्याच्या हाती दिली आणि बादशहा वाचला. उपकाराची फेड म्हणून हुमायूनने त्याला थोडा वेळ गादीवर बसवले, ही हकिकतही प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या तासाला आपण ती औदार्याची गोष्ट म्हणून सांगतो. विज्ञानाच्या तासाला हाच प्रसंग वेगळ्या रीतीने घेता येईल. पाणी आत ठेवण्यासाठी केलेली पिशवी हवा आत ठेवायलाही चालते, आणि ती पाण्याने भरलेली असताना तिचा काही उपयोग नसतो. मशकेत वीस लिटर हवा मावते असे धरले तर ती वीस किलो वजन पेलेल. माणसाचे शरीर मुळातच पाण्याच्या जवळपास घनतेचे असल्यामुळे डोके वर राहायला एवढे पुष्कळ झाले. गावाकडे पाठीला रिकामा डबा किंवा वाळका भोपळा बांधून पोहायला शिकणारी मुले तरी दुसरे काय करतात?

कातड्याचे दोष मात्र उघड आहेत. ते कुजते, वाळले की कडक होते, भिजले की सैल पडते. यावर इलाज सापडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. तो सापडला पावसात भिजण्याला कंटाळलेल्या देशात. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिन्टॉशने १८२३ मध्ये एक पेटंट घेतले. शहरात दिव्यांसाठी कोळशाचा गॅस तयार होई, त्यात डांबर उरे, आणि डांबरातून नॅफ्था नावाचा द्रव निघे. या नॅफ्थात रबर विरघळते. ते द्रावण एका कापडावर फासून वर दुसरे कापड दाबले की मधला रबराचा थर पाणी आत येऊ देत नाही. हाच पुढे त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेला रेनकोट. शिंप्यांनी तो शिवला की सुईच्या भोकांतून पाणी झिरपे, उन्हाळ्यात चिकट होई, थंडीत पत्र्यासारखा ताठ. रबरात गंधक घालून तापवले तर हे दोष जातात हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये उमगले, आणि १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकनेही त्याच सुमारास तीच कृती पेटंट केली.

मॅकिन्टॉशच्या कापडात एक तत्त्व दडलेले आहे आणि ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण होडी निवडताना तेच कामाला येते. रबर हवा अडवते, पण ओढ सहन करीत नाही. ते ताणले जाते, फुगवटे धरते. कापड ओढ सहन करते, पण हवा अडवीत नाही. दोघांची जोडी जमली की दोन्ही कामे होतात.

कापडावर ओढ किती येते ते काढता येते. फुगवलेल्या नळीच्या भिंतीवरची ओढ म्हणजे आतला जादा दाब गुणिले नळीची त्रिज्या. होडीची नळी ४० सेंटिमीटर जाड आहे, म्हणजे त्रिज्या २० सेंटिमीटर, आणि तीत बाहेरच्यापेक्षा ०.२ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर एवढा जादा दाब आहे असे समजा. तर कापडाच्या प्रत्येक सेंटिमीटर रुंदीवर ४ किलोची ओढ येईल. आता सायकल घ्या. तिच्या चाकात दाब पुष्कळ, सुमारे २.८ किलोग्रॅम, पण त्रिज्या जेमतेम १.९ सेंटिमीटर. गुणाकार ५.३ येतो. म्हणजे हाताने दाबल्यावर मऊ लागणारी होडी आणि दगडासारखे लागणारे सायकलचे चाक यांच्या कापडांवरचा भार जवळजवळ सारखाच! हे उदाहरण वर्गात घातले की मुलांचा विश्वास बसत नाही. होडीत 'थोडीच हवा' आहे म्हणून पातळ कापड चालेल, हा समज इथेच निकालात निघतो.

हीच गोष्ट ट्रकच्या ट्यूबलाही लागू आहे. टायरमध्ये असताना तिच्यावरची ओढ टायरमधले धागे झेलतात. टायरबाहेर काढली की ती उघडी पडते, पाठीशी कापड नसते. म्हणून मासेमारीसाठी ट्यूब बेतानेच फुगवतात. जास्त फुगवली तर ती सगळीकडे सारखी फुगत नाही. जिथे पातळ आहे तिथेच फुगवटा येतो, तिथे त्रिज्या वाढते, त्रिज्या वाढली की ओढ वाढते, आणि फुगवटा आणखी वाढतो. एका पंक्चरवाल्याने आम्हाला असा टेंगूळ आलेला ट्यूब दाखवून, 'ही आता होडीलासुद्धा चालायची नाही,' असे सांगितले. सूत्र न मांडता त्याने भौतिकशास्त्र सांगितले होते.

रेनकोटाच्या कापडाची होडी ज्याने केली त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. १८१९ ते १८२२ या काळात जॉन फ्रँकलिन कॅनडाच्या उत्तर भागात मोहिमेवर गेला होता. परतताना त्यांच्या होड्या राहिल्या नव्हत्या आणि पुढ्यात कॉपरमाइन नदी आडवी आली. नदी फार मोठी नव्हती. पण पाणी बर्फासारखे, आणि तरंगायला काही नाही. काठावर आठवडाभर मोडला, लहान झुडपांचे तराफे करून पाहिले, ते धड तरंगेनात. अखेर कॅनव्हास आणि फांद्या यांची एक चिमुकली नाव करून एकेक जण पलीकडे गेला. तोवर उपासमारीने माणसे खचली होती. मोहिमेतल्या २० जणांपैकी ११ जण परतले नाहीत. पाठीवरून नेता येईल अशी एक होडी असती तर!

ब्रिटिश नौदलातल्या पीटर हॅल्केट नावाच्या तरुण लेफ्टनंटला याच विचाराने पछाडले. १८४४ च्या सुमारास त्याने मॅकिन्टॉशच्या कापडाचा एक झगा तयार केला. अंगावर घातला तर रेनकोट. जमिनीवर पसरून फुगवला तर लंबगोल होडी. खिशात लहानसा भाता, हातातल्या काठीला पाते बसवले की वल्हे, आणि छत्री उघडली की शीड! हे वाचताना हसू येते, आणि नौदलाच्या वरिष्ठांनाही बहुधा आले असावे. कल्पना अतिशय चतुर आहे, शोधमोहिमांना उपयोगी पडेल, पण नौदलाच्या नेहमीच्या कामाला नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला १८४५ मध्ये मिळाले. हॅल्केटला त्यातून पैसा मिळाला नाही. पण जॉन रे या धिप्पाड आणि काटक डॉक्टरने १८४६ च्या आपल्या उत्तरेकडच्या मोहिमेत हॅल्केटची होडी बरोबर नेली. रे आणि त्याचे सोबती तिथे शिकारीवर आणि मासळीवर जगले, आणि ही होडी नद्या ओलांडायला तशीच जाळी टाकायलाही कामी आली. अशी होडी प्रत्येक मोहिमेने बरोबर ठेवावी, असे त्याने नंतर आवर्जून लिहिले. मासेमारीसाठी फुगवायची होडी वापरणाऱ्यांचा पूर्वज शोधायचाच असेल तर आम्ही रे याच्याकडे बोट दाखवू.

हॅल्केटच्या झग्यात छत्रीपेक्षा कितीतरी महत्त्वाची एक गोष्ट होती. हवेची कड त्याने चार स्वतंत्र कप्प्यांत विभागली होती. एक फुटला तरी तीन शिल्लक. कातडे त्याने रेनकोटवाल्याकडून उसने घेतले, पण कप्प्यांची कल्पना होडीच्या गरजेतून आली.

जवळजवळ त्याच वेळी अमेरिकेत जॉन फ्रेमाँट रबरी होडी घेऊन ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरात उतरला होता. साल १८४३. त्या होडीच्या हवेच्या नळ्यांचे सांधे घाईत नुसते चिकटवलेले होते. किनारा लांब राहिला आणि सांध्यांतून हवा निघू लागली. भाता एकसारखा चालवत ठेवून मंडळी कशीबशी पोचली. अश्शूरच्या सैनिकाच्या तोंडातली नळी आणि फ्रेमाँटचा भाता यांत मधली सत्तावीसशे वर्षे सोडली तर फारसा फरक नाही.

यानंतरचा प्रवास भरभर सांगता येईल. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर बसवले आणि हवा कोंडून ठेवणाऱ्या रबराला प्रचंड बाजारपेठ मिळाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाई जहाजांसाठी हायड्रोजन धरून ठेवणारे कापड तयार झाले. पुढे या जहाजांचे दिवस फिरले आणि ते कापड व ते जोडण्याचे कसब रिकामे पडले. फुगे आणि हवाई जहाजे बनवणाऱ्या झोडियाक या फ्रेंच कंपनीतल्या पियेर देब्रुतेल याने १९३० नंतरच्या दशकात इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराची, मागे लाकडी फळी असलेली होडी बनवली. आज बचावपथकांकडे दिसणाऱ्या होड्यांचा घाट तोच आहे. १९३७ मध्ये अमेरिकेत ब्युटाइल रबर तयार झाले. नैसर्गिक रबरापेक्षा त्यातून हवा सुमारे आठ-दहा पट हळू झिरपते, म्हणून ट्यूबा त्याच्या होऊ लागल्या. ट्रकची ट्यूब मच्छीमाराला दिवसभर पुरते त्याचे श्रेय त्या रसायनाचे.

फुगवायची होडी खेळणे नाही हे लोकांच्या मनावर ठसवले ते आलँ बोंबार या फ्रेंच डॉक्टरने. १९५२ साली १९ ऑक्टोबरला तो कॅनरी बेटांतून साडेचार मीटरच्या झोडियाकमधून एकटा निघाला आणि पासष्ट दिवसांनी, २३ डिसेंबरला, अटलांटिकपलीकडे बार्बाडोसला पोचला. वाटेत कच्चे मासे खाऊन राहिला. त्याच्या आहारविषयक दाव्यांवर पुढे वाद झाले, होडीवर मात्र झाले नाहीत.

आपल्या ठाणे जिल्ह्यात या होडीची ओळख लोकांना पुरात झाली. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला पूर आला आणि महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या फुगवलेल्या होड्या रुळांपर्यंत गेल्या आणि सर्व प्रवासी सुखरूप बाहेर आले. हीच उल्हास पुढे भिवंडीजवळून खाडीला मिळते. लाकडी किंवा पत्र्याची होडी ट्रकवर घालून तिथवर नेणे आणि बुडालेल्या कुंपणांवरून, रुळांवरून सरकवणे जड गेले असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माणसाने घ्यावे काय?

प्रथम ट्यूबचा हिशोब. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबचा बाहेरचा व्यास १०४ सेंटिमीटर आणि नळीची जाडी २६ सेंटिमीटर भरली, असे समजा. नळीची त्रिज्या १३, आणि मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर ३९. कड्याचे घनफळ म्हणजे २ × पाय वर्ग × ३९ × १३ वर्ग. उत्तर सुमारे १,३०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे १३० लिटर. साठ किलोचा माणूस, पंधरा किलोची जाळी आणि मासळी, चार-पाच किलोची ट्यूब व फळी मिळून ऐंशी. पन्नास लिटर शिल्लक राहतात. म्हणजे तरंगण्याच्या बाबतीत ट्यूब अगदी भक्कम आहे. तिच्यात उणे आहे ते दुसरेच. तिला कप्पा एकच. तो गेला की सगळे गेले.

आणि मासेमारीत तो जाण्याचे प्रसंग थोडे नसतात. गळ असतो, सुरी असते. चिलापीच्या पाठीवरचे आणि शिंगाळ्याच्या कल्ल्यांजवळचे काटे सुईसारखे असतात. धरणाच्या पाण्याखाली जुन्या बाभळींचे खुंट उभे असतात. दाब कमी असल्यामुळे लहान छिद्रातून हवा हळू जाते आणि बहुतेक वेळा काठ गाठता येतो, हे खरे. पण व्हॉल्व्ह उपटला किंवा ट्यूब चिरली तर वेळ मिळत नाही. पायात मासळीची जाळी गुंतलेली असताना पोहता येणेही पुरेसे ठरत नाही.

बाजारातली सर्वांत स्वस्त होडी म्हणजे नुसत्या पीव्हीसीच्या पातळ पत्र्याची, आत कापड नसलेली. समुद्रकिनारी मुलांना खेळायला ठीक. तिच्यात मॅकिन्टॉशच्या जोडीतला एकच जोडीदार आहे. मासेमारीला ती घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तिच्यापेक्षा दोन ट्यूबा शेजारी बांधलेल्या बऱ्या. तिच्या वरच्या पायरीवर येते ती पॉलिएस्टरच्या कापडावर दोन्ही बाजूंनी पीव्हीसी चढवलेली होडी. कापडाचा जाडपणा डेनिअरमध्ये सांगतात, आणि डेनिअर म्हणजे काय हे भिवंडीत कोणालाही विचारावे. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर. हजार डेनिअरचा धागा साडीच्या धाग्यापुढे दोरखंडच वाटेल. रबराचे महागडे प्रकार उन्हात जास्त टिकतात, पण वर्षातले काही महिने वापरून उरलेला काळ सावलीत घडी करून ठेवणाऱ्याला त्यांच्यावर पैसा घालण्याची गरज नाही.

पैसा घालायचा तो कप्प्यांवर. दोघे जण, जाळी आणि मासळी मिळून १५० किलो भार आहे असे धरू. ३०० लिटरची एकच नळी असेल तर ती फुटल्यावर उरते शून्य. दीडशे-दीडशेचे दोन कप्पे असतील तर एक फुटल्यावर काठोकाठ हिशोब जमतो, म्हणजे खरे तर जमत नाही, कारण होडी तिरपी होते. शंभर-शंभरचे तीन असतील तर दोनशे लिटर राहतात आणि माणसे परत येतात. तिन्ही होड्यांत हवा सारखीच आहे! म्हणून दुकानात जाऊन 'किती भार पेलते' एवढेच विचारू नये. सर्वांत मोठा कप्पा रिकामा झाल्यावर किती पेलते, ते विचारावे. छापलेल्या आकड्याच्या निम्मा भार आपला समजावा. तिसरी पाहण्याची गोष्ट सांधे. ते नुसते चिकटवलेले आहेत की उष्णतेने वितळवून जोडलेले, पट्टी एका बाजूने आहे की दोन्ही, हे बोट फिरवून कळते.

वायूंच्या नियमाचा एक फटका मात्र चांगल्या होडीलाही बसतो. पहाटे सहाला २० अंश तापमानात होडी टणक फुगवली, जादा दाब ०.२ वातावरण. म्हणजे एकूण दाब १.२. मासे धरून झाल्यावर ती काठावर उन्हात टाकली आणि आतली हवा ५५ अंशांपर्यंत तापली. निरपेक्ष तापमान २९३ वरून ३२८ झाले. घनफळ तेच धरले तर एकूण दाब १.३४ होतो. वाढ दिसायला बारा टक्केच आहे. पण कापडाला जाणवणारा जादा दाब ०.२ चा ०.३४ झाला, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. सांधा उसवतो तो पाण्यात नाही, काठावर. उलट दुपारी उन्हात फुगवलेली होडी थंड पाण्यात उतरवली की मऊ पडते आणि 'पंक्चर आहे' म्हणून परत आणली जाते.

वाऱ्याचेही लक्षात ठेवावे लागते. हलकी होडी पाण्यावर बसते, पाण्यात शिरत नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा सुटला तर वल्ह्याला न जुमानता ती धरणाच्या मध्याकडे जाते. लांब दोरीचा लहानसा नांगर आणि फोमचे जाकीट ही दोन्ही होडीच्या किमतीतच धरावीत. जाकीट फोमचेच, फुगवायचे नको.

फोमवरून थर्माकोलची आठवण होते. अनेक तलावांवर थर्माकोलचे ठोकळे बांधून केलेले तराफेही दिसतात. थर्माकोलमध्येही सुमारे ९८ टक्के हवाच असते. फरक इतकाच की ती अगणित बारीक कप्प्यांत कोंडलेली असते, त्यामुळे काटा टोचला तर त्यातले चारदोन कप्पे जातात. हॅल्केटची कल्पना टोकाला नेली तर इथेच पोचते. पण थर्माकोल झिजतो, त्याचे मणी पाण्यात सुटतात आणि माशांच्या पोटात जातात. जो तलाव पोसतो त्यातच ही भर. त्यामुळे आम्ही त्याची शिफारस करीत नाही. प्रत्येक पाण्यात उतरता येते असेही नाही. धरणांतली मासेमारी बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेली असते, आणि शेजारच्या शहापूर तालुक्यातला तानसा तर मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, भोवती अभयारण्य. भिवंडीच्या वऱ्हाळदेवी तलावासारख्या गावातल्या पाण्यातही आधी चौकशी केलेली बरी.

गेल्या काही वर्षांत ट्रकांचे टायरही ट्यूबलेस होऊ लागले आहेत. पंक्चरच्या दुकानाबाहेरचा ढीग त्यामुळे हळूहळू कमी होत जाईल, आणि मच्छीमाराला दुसऱ्या कोणाचे तरी कातडे उसने घ्यावे लागेल. ते भिवंडीतच उभे आहे. ट्रकांवर आणि गोदामांबाहेर मालावर जी चकचकीत ताडपत्री बांधलेली असते, तिच्यातही पॉलिएस्टरचे विणलेले कापड आणि पीव्हीसीचा थर असतो. स्वस्त होडीच्या कापडाची ती सख्खी बहीण. अशा ताडपत्रीचा हातभर टाकाऊ तुकडा मिळवून, कडा चिकटवून, एका टोकाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून शाळेत एक लहानशी नळी करता येते. ती पंपाने भरून बादलीत बुडवून धरावी आणि बुडबुडे कुठून येतात ते मुलांना मोजायला सांगावे. कापडाच्या मधल्या भागातून क्वचितच येतात. येतात ते कडेच्या सांध्यातून, फ्रेमाँटच्या होडीसारखे.